आवाज का फाटतो? वर्गात विचारून बघा

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, स्नेहसंमेलनात लाउडस्पीकर फुल केला की आवाज फाटतो, हे मुलांना माहीत असतं. अनेक ५जी टॉवरवर एकेका ॲन्टेना-पॅनेलमागे ६४ ॲम्प्लिफायर असतात. त्यांचंही तसंच होतं. क्षमतेच्या टोकाला लाटेचे शेंडे चपटे होतात आणि गोंगाट शेजारच्या चॅनेलमध्ये सांडतो. शक्ती कमी ठेवली तर सिग्नल शुद्ध राहतो, पण विजेचा मोठा वाटा उष्णतेत जातो. मग उपाय? ॲम्प्लिफायर सिग्नल किती वाकवतो ते मोजायचं आणि तो आधीच उलटा वाकवून द्यायचा. बाहेर जवळजवळ सरळ येतो. याला डिजिटल प्रीडिस्टॉर्शन म्हणतात. सरळ रेषेचा आलेख शिकवताना हे जरूर सांगा. ‘सर, याचा उपयोग काय?’ याला ‘परीक्षेसाठी’ हे उत्तर आता पुरे!