लष्कराच्या भाकऱ्या

परवा एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. त्यांच्या धाकट्या मुलीने बोलता बोलता सांगितले की, युद्धाने मोडलेल्या देशांत शांतता उभी करण्याचे शिक्षण तिला घ्यायचे आहे आणि पुढे तेच काम करायचे आहे. झाले! "परक्यांच्या भांडणात लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तुला शिकवले काय?" असे काका गरजले. आईने विचारले, "आणि यात पगार तरी कोण देतो?" मी पाहुणा, चकली खात गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

हीच मुलगी पूल बांधायला परदेशी निघाली असती, तर काकांनी पेढे वाटले असते. मग बांधलेला पूल कोणी उडवू नये म्हणून झटणारी तेवढी वेडी कशी?

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाचे उदाहरण घ्या. १९८९ पासून २००३ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, तेथे यादवी चालली. पोरांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. अखेर २००३ साली मन्रोव्हिया शहरातल्या ख्रिस्ती व मुसलमान बाया पांढरी वस्त्रे नेसून मासळीबाजाराजवळ उन्हापावसात ठाण मांडून बसल्या. अक्रा येथील वाटाघाटी रेंगाळल्या, तेव्हा त्यांनी सभागृहाची दारेच अडवली! ऑगस्टमध्ये करार झाला. त्यांच्या अग्रणी लेमा बोवी यांना २०११ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पण साखरपुडा म्हणजे संसार नव्हे आणि करार म्हणजे शांतता नव्हे. करारानंतर कोणीतरी रात्री जागावे लागते. २००७ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांतर्फे तेथे उतरल्या त्या आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या शंभरावर स्त्रिया. केवळ स्त्रियांचे असे ते पहिलेच पथक. त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीवर पहारा दिला, वस्त्यांतून गस्त घातली. त्यांना पाहून तिथल्या मुलींनाही पोलिसांत जावेसे वाटू लागले. तुकड्या बदलत गेल्या, काम २०१६ पर्यंत चालले. २०१८ साली एलन जॉन्सन सरलीफ यांनी निवडून आलेल्या जॉर्ज विया यांच्या हाती शांतपणे सत्ता दिली. निवडून आलेल्याने निवडून आलेल्याला गादी द्यावी, हे त्या देशात १९४४ नंतर प्रथमच घडले.

काका रवांडाचे नाव काढतील. १९९४ साली तेथे शांतिसेना असूनही लाखो माणसे कापली गेली, हे खरे. पण कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा समितीने ती सेना वाढवली नाही. सुमारे २७० माणसांवर आणण्याचा ठराव केला! आगीचा बंब परत बोलवायचा आणि पाण्याने आग विझत नाही म्हणायचे, हा कुठला न्याय?

आईंचा प्रश्न मात्र रास्त आहे. पगार मिळतो, पण नेमणुका बहुधा मुदतीच्या, आणि पुष्कळ ठिकाणी कुटुंब बरोबर नेता येत नाही. कौतुकही बेताचेच. कारण या कामात यश म्हणजे काय, तर रात्र काही न घडता सरली. त्याची बातमी कोण छापणार?

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत आपल्या घरात कोणी असे बोलू लागले, तर निदान पुरते ऐकून घ्या. माझ्या हातून तेवढेही झाले नाही.