गाठी निघाल्या, खांद्याचं काय?

गेल्या खरिपात कपाशीच्या फवारणीचं सांगायला एका वाडीवर गेलो होतो. बांधावर पन्नाशीचा गडी बसलेला आणि त्याची बायको सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन सरीत. शेजारी हसून म्हणाला, "साहेब, ऑपरेशनपासनं गडी आळशी झालाय."

या माणसाच्या गालावर लहानपणी भाजल्याचा जुना व्रण. त्यात जखम झाली, ती वर्षभर भरेना. मलमं लावण्यात दिवस गेले. शेवटी कातडीचा कॅन्सर निघाला, तोही मानेतल्या गाठींत उतरलेला. गालावरचा भाग आणि डाव्या मानेतल्या गाठी काढल्या, पुढं शेकही दिले. कातडीच्या रंगामुळं हा कॅन्सर आपल्याकडं कमी आढळतो, पण भाजल्याचा जुना डाग, कान, खालचा ओठ अशा जागी होतो. जीव वाचला, हे मोठंच.

पण खांदा उचलणारी नस या गाठींमधूनच जाते. कॅन्सर तिला चिकटला असेल तर ती कापावी लागते. वाचवली तरी ताण बसून महिनोन्महिने सुस्त राहू शकते. मग खांदा उतरतो, दुखतो, हात बाजूनं वर जात नाही. कानाची पाळी बधिर होते, दाढी करताना कापलं तरी कळत नाही. बाहेरून मात्र माणूस धडधाकट दिसतो.

हे कृषी खात्यातल्या माणसानं का सांगावं? कारण आपली शेती खांद्यावरच चालते. भरलेला पंप, डोक्यावरची पाटी, बैलाच्या मानेवर जू ठेवणं, द्राक्षाच्या मांडवाखाली हात वर करून विरळणी. बॅटरीचा पंप घ्या, असा सल्ला मीच त्याला दिला होता. चुकलोच. बॅटरीनं दांडा मारायचा वाचतो, पाठीवरचं वजन तसंच राहतं, आणि बधिर कातडीवर पट्टा घासून जखम झाली तरी समजत नाही. टाकी बांधावर ठेवून लांब नळीनं दुसऱ्यानं फवारावं, हे बरं. कमरेच्या उंचीची कामं, मोटार, पाण्याच्या पाळ्या, हिशेब त्याच्याकडं द्यावेत.

घरी सोडताना दोन गोष्टी डॉक्टरांना विचाराव्यातच: नस राखली की कापली, आणि खांद्याचा व्यायाम कधी सुरू करायचा. आमच्या या गड्याला व्यायामाचा कागद मिळाला होता. तो फायलीत तसाच. ऑपरेशन योजनेतून झालं, पण व्यायामासाठी तालुक्याला जायचं तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार? गावात आशाताई आहेत, उपकेंद्र आहे. तिथं आठवड्यातून एकदा कुणी व्यायाम करून घेतला तरी फरक पडेल. ग्रामसेवक, तलाठी यांनी अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज भरून द्यावा. चाळीस टक्के भरतीलच असं नाही, आणि शेतकरी अपघात योजनेत आजारपण बसत नाही. असा माणूस दोन्हीकडून सुटतो. याचा विचार ग्रामसभेत व्हायला हवा.

तपासणीही चुकवू नये. गाठ परत येण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत जास्त असतो, नेमकी तेव्हाच सुगी आडवी येते. उन्हात जाताना मान, कान उपरण्यानं झाकावेत.

परवा परत गेलो. भिंतीला बोटं लावून हात वर सरकवायचा व्यायाम त्यानं सुरू केलाय. भिंतीवर कोळशानं खुणा आहेत. सगळ्यात वरची कानाच्या उंचीची.