बंद पडणे आणि बंद होणे

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी एक छोटेसे न्यायालय भरते. माळ्यावरून एकेक वस्तू खाली उतरते, पदर खोचलेले न्यायाधीश तिच्याकडे एकवार पाहतात आणि तिथल्या तिथे निकाल लागतो. आजेसासूबाईंच्या तांब्याला अभय, दांडी मोडलेल्या छत्रीला हद्दपारी. अपील नाही. अलीकडे ह्या न्यायालयापुढे एक नवा आरोपी वरचेवर उभा राहू लागला आहे. तो म्हणजे घरातला, शाळेतला किंवा कचेरीतला जुना कॉम्प्युटर; टेबलावरचा, जाडजूड पेटीचा. आरोप ठरलेला: ‘चांगला चालू असतो नि मधेच आपला आपण बंद होतो.’ निकालही ठरलेला: भंगार. यंदा ह्या आरोपीचे वकीलपत्र मी घेतले आहे.

पहिला मुद्दा भाषेचा. मराठीच्या मास्तरणीने दुसरे कोठून सुरू करावे? ‘बंद पडणे’ आणि ‘बंद होणे’ ह्यांत बोलताना आपण फारसा भेद करीत नाही. पण भेद आहे. संपात गिरणी बंद पडते. रात्री दुकान बंद होते. पडण्यात हतबलता असते, होण्यात काही एक हिशेब असतो. जो कॉम्प्युटर बटण दाबताच सुरू होतो, दहा मिनिटे धड काम करतो आणि मग मिटतो, तो पुष्कळदा बंद पडलेला नसतो, बंद झालेला असतो. त्याच्या पोटात तशी योजनाच असते. हिशेब करणारा जो मुख्य तुकडा, त्याच्या अंगातच उष्णता मोजण्याची सोय आहे. ती उष्णता मर्यादेपलीकडे, म्हणजे बहुतेक जातींत शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेली, की वीज तोडली जाते. वीज पुरवणारी जी पत्र्याची पेटी, जिला दुरुस्तीवाले एसएमपीएस म्हणतात, तीही भार फार वाढला किंवा कोठे शॉर्ट झाले की हात आखडते. तिने तो आखडला नसता, तर धूर पाहण्याची पाळी आली असती.

लोणावळ्या-खंडाळ्याच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आमच्या बोरघाटातून आगगाडी १८६३ साली सुरू झाली. चढ असा की सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर. उतरताना ब्रेक हाताबाहेर गेले तर काय, ह्याची काळजी रूळ टाकणाऱ्यांनाही होतीच. म्हणून घाटात कॅच सायडिंग असतात. मुख्य मार्गापासून फुटून डोंगराच्या चढावर जाणारा नि तेथेच संपणारा तो रूळ. सांधा एरवी त्याच्याकडेच वळवलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबते, आपण ताब्यात आहोत हे दाखवते आणि मगच तिला खालचा रस्ता खुला होतो. बेफाम आली, तर ती चढावर जाऊन दमते. नवखा प्रवासी खिडकीतून मान बाहेर काढून विचारतो, “काय हो, काय बिघडलं?” काही बिघडलेले नसते. बिघडू नये म्हणूनच ते थांबणे असते.

आता माझ्या अशिलाविषयी. आमच्या महाविद्यालयातल्या मराठी विभागाच्या खिडकीशी, २००८ साली घेतलेला एक कॉम्प्युटर आहे. वेळापत्रकात त्याला ‘संगणक’ म्हणतात, बिघडला की सगळे ‘कॉम्प्युटर’ म्हणतात. तेव्हाच्या आणि नंतरच्या काही वर्षांच्या विद्यार्थ्यांनी आंदर मावळ, नाणे मावळ नि पवन मावळातल्या आपापल्या आयांकडून, आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून आणल्या, त्या ह्यात आहेत. सहाशेच्या वर. हे काम मोठ्या प्रमाणावर केले ते पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्याचेच झालेले गी पॉइत्वाँ ह्या दोघांनी. हजारांहून अधिक गावांतून त्यांनी लाखावर ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल ह्यांनी त्या कॉम्प्युटरवर नीट लावण्याची व्यवस्था बसवली आणि २०१७ पासून ‘पारी’ने त्या जगापुढे ठेवल्या. त्या सागरापुढे आमचे सहाशेचे ओंजळभर पाणी; पण ते आमच्या विहिरीचे आहे.

कोणी म्हणेल, मग त्या ओव्या नव्या यंत्रावर उतरवून घ्या नि जुने द्या टाकून. इथेच तर ग्यानबाची मेख आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली. तरी आपल्याकडच्या छापखान्यांत नि कचेऱ्यांत त्यानंतर कितीतरी वर्षे जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालले. त्यांत इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. मूळ फॉन्ट असेल तर ‘दळण’ दिसते. नसेल तर त्याच जागी इंग्रजी अक्षरे नि टिंबे ह्यांचा काला दिसतो. आमच्या ओव्या तशाच एका संचात आहेत. तो संच चालवायला पेटीच्या मागे एक कुलूपवजा तुकडा खोचावा लागतो आणि तो खोचण्याचे रुंद भोकच नव्या यंत्रांना उरलेले नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करता येते, पण करताना जोडाक्षरे नि रफार इकडचे तिकडे होतात. मूळ पान समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते. ते मूळ पान फक्त हा म्हातारा दाखवू शकतो, आणि म्हातारा तर अकराव्या मिनिटाला डोळे मिटतो!

आमचे शिपाईमामा म्हणाले, “बाई, कशाला जीव आटवता? देऊन टाका भंगारवाल्याला.” मी दिलाही असता कदाचित, पण त्याच आठवड्यात एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. तिची आजी आदल्या वर्षी गेली. पंधरा वर्षांपूर्वी तिनेच आजीच्या ओव्या टिपून आणल्या होत्या. “मॅडम, त्या मिळतील का हो? आमच्याकडं आजीचं दुसरं काहीच नाही,” ती म्हणाली. ज्या कॅसेटवर आजीचा आवाज होता तिला लोणावळ्याच्या दमट हवेत कधीच बुरशी आली होती. राहिली होती ती त्या पेटीतली अक्षरे.

दुरुस्तीला कामशेतचा एक तरुण येतो. हुशार मुलगा. त्याने प्रथम काय करावे? काहीच दुरुस्त केले नाही! पेटी उघडून आतली हार्ड डिस्क काढली, दुसऱ्या यंत्राला जोडली आणि तिच्यावरचे सगळे दोन ठिकाणी उतरवून घेतले. “मॅडम, आधी माणसं बाहेर काढायची, मग आग कुठं लागली ते बघायचं.” वाचकहो, एवढे एकच वाक्य लक्षात ठेवलेत तरी हा लेख वाचल्याचे सार्थक होईल. यंत्र बंद झाले म्हणून आतला मजकूर मरत नाही. पण लिहिता लिहिता वीज पुन्हा पुन्हा तुटली, तर मात्र तो जखमी होतो.

मग त्याने मला एक वही घालायला सांगितली. किती वाजता चालू केले, किती मिनिटांनी मिटले, तेव्हा काय चालले होते, आणि मिटले ते कसे: पडद्यावर काही सांगून, की मुकाट्याने? आठ दिवसांत वही बोलू लागली. अकरा मिनिटे, बारा मिनिटे, अकरा मिनिटे. लगेच पुन्हा चालू केले तर जेमतेम तीन. अर्धा तास विश्रांती दिली तर पुन्हा अकरा. ज्याने घरात कोणाचा ताप काढला आहे त्याला ह्या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. तापलेले यंत्र निवायला वेळ घेते. खातरी करण्याची सोयही यंत्रातच असते. चालू होतानाच एक कळ दाबली की प्रकृतीचा तक्ता उघडतो. ती कळ बहुधा डिलीट किंवा एफ-टू असते. आम्ही पाहत बसलो. पन्नास अंश, सत्तर, नव्वद, अठ्ठ्याण्णव, आणि पडदा काळा.

पुण्याला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यापासून पासष्ट किलोमीटरवर लोणावळ्याला त्याच्या पाचपटीहून जास्त. अशा हवेत धूळ उडत नाही, ती जमते. पेटी उघडताच तो मुलगा म्हणाला, “मॅडम, आतमध्ये कुणी गोधडी शिवलीय की काय?” पंखा त्या गोधडीत अडकून कसाबसा फिरत होता. पंख्याखालचा धातूचा ठोकळा आणि तो मुख्य तुकडा ह्यांच्यामधे उष्णता वाहून नेणारा जो लेप असतो, तो वाळून चुन्यासारखा झाला होता. वायर भिंतीतून काढून, पेटी व्हरांड्यात नेऊन, कोरड्या ब्रशाने नि वाऱ्याच्या झोताने त्याने सगळे स्वच्छ केले. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, झोतात गरगर फिरू द्यायची नाहीत, हेही सांगितले. जुना लेप स्पिरिटने पुसला, नवा शिताएवढा लावला. खर्च म्हणाल तर चहाफराळाला लाजवील इतका थोडा. पारा साठाच्या आतबाहेर स्थिरावला. मामा म्हणाले, “बाई, जिंकलात की!”

पण खटला इतक्यात संपायचा नव्हता. ऑक्टोबरात पुन्हा एक दिवस यंत्र मिटले, तेही चौथ्याच मिनिटाला. दुसऱ्या दिवशी दोन तास चालले, मग मिटले. ह्या वेळी मिनिटांचा मेळ बसेना. वहीतल्या दुसऱ्या रकान्याने उलगडा केला. दोन्ही वेळी खालचा पाण्याचा पंप सुरू झाला होता आणि दिवा क्षणभर मिचकावला होता.

इथे मावळच्या माणसाला हसू आल्यावाचून राहणार नाही. वळवण-शिरवत्याचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ साली वीज केली आणि मुंबईच्या गिरण्या तिच्यावर फिरू लागल्या. पुढे आमच्या आंद्रा नदीच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी १९२२ पासून भिवपुरीला तेच काम करू लागले. महानगर चालवण्याइतकी वीज ज्या डोंगरांतून गेली, त्यांच्याच कुशीत एका पंपासरशी दिवा मान टाकतो! दोष वीज करणाऱ्यांचा नव्हे. आमच्या जुन्या इमारतीतल्या बारीक तारांचा. धडधाकट एसएमपीएस असा धक्का सोसते. सेकंदाच्या साठाव्या हिश्शाएवढा विजेचा खंड तिने पोटात घालावा अशी अपेक्षाच असते. आमची वयाने थकली होती. मीटर लावून पाहिले, तर जिथे बारा व्होल्ट हवेत, निदान अकरा पूर्णांक चार तरी हवेत, तिथे भार पडताच काटा त्याही खाली येई. ती पेटी मात्र उघडायची नसते; वायर काढल्यावरही तिच्या पोटात मारक वीज शिल्लक राहू शकते. ती अख्खी बदलली, पंपाची तार वेगळी केली, बॅटरीचा एक लहान ठोकळा मधे बसवला. आता यंत्र चार-चार तास बसते.

सगळ्यांचेच दुखणे हेच असेल असे नाही. पडद्यावर निळा फलक येऊन यंत्र आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर पुष्कळदा रॅमची पट्टी काढून, पुसून, घट्ट बसवल्याने काम भागते. टेबल हलले की मिटत असेल, तर वायर ढिली आहे. बटण आत रुतून राहिले तरी यंत्र चालू होताच काही सेकंदांत मिटते. २००७ पर्यंतच्या काही वर्षांत निघालेल्या कित्येक यंत्रांत कपॅसिटर कच्चे निघाले. त्यांची टोपणे फुगलेली किंवा पाझरलेली नुसत्या डोळ्यांना दिसतात. घड्याळ रोज जुने साल दाखवत असेल तर नाण्याएवढा सेल बदलावा. पण मधेच मिटण्याचे पाप बहुधा त्याचे नसते. आणि काहीही करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार बदलल्या नि गुण आला, तर औषध कोणते लागू पडले हे वैद्यालाही कळत नाही.

त्या विद्यार्थिनीला आजीच्या ओव्या छापून दिल्या. बाकीच्यांचे ताडून पाहणे चालू आहे. दीडशेच्या वर झाल्या. मधल्या एका रविवारी पवन मावळातल्या एका आजीबाईंना त्यांची पाने वाचून दाखवायला गेलो. वय ऐंशीच्या पुढे, कान तिखट. चौथ्या ओवीला त्यांनी हात वर केला. “पोरी, ह्यो शबुद असा न्हाई,” म्हणाल्या, आणि ओळ म्हणून दाखवली. आमच्या मुलाने पंधरा वर्षांपूर्वी तो चुकीचा ऐकला होता. तो दुरुस्त करून घेतला, तोवर त्यांना आणखी सहा ओव्या आठवल्या. त्याही घेतल्या.

तेव्हा यंदाच्या साफसफाईत जुनी पेटी समोर आली, तर आठ दिवस तिची वही ठेवा. चालण्याजोगी निघाली तर आनंदच. न निघाली, तर आतला मजकूर काढून घ्या आणि मगच ती रीतसर ई-कचरा नेणाऱ्याच्या हवाली करा. आमची पेटी मात्र तूर्त जाग्यावर आहे. अजून साडेचारशे ओव्या ताडून पाहायच्या राहिल्या आहेत.