खूणचिठ्ठी फाइलबरोबर जावी

हुगळीच्या पश्चिम तीरावर, हावड्याच्या शिवपूर भागात, १७८७ साली रॉबर्ट किड यांच्या सूचनेवरून ईस्ट इंडिया कंपनीने एक वनस्पति-उद्यान स्थापन केले. तेथील विशाल वटवृक्षाची ख्याती वाचकांनी ऐकली असेलच. परंतु त्याच आवारातील केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहालयाकडे प्रवाशाचे पाऊल सहसा वळत नाही. वाळविलेल्या वनस्पतींचे सुमारे वीस लाख नमुने तेथे जतन केलेले आहेत. संगणकातील फाइलींना खुणा, म्हणजेच टॅग, कसे लावावेत या आजच्या प्रश्नाचा विचार या कपाटांपासून सुरू करणे मला इष्ट वाटते.

नमुन्याचा एक ताव एका वेळी एकाच कपाटात राहू शकतो. कुल, प्रजाती, जाती अशा क्रमाने तो लावला, की जिल्ह्यावरून अथवा संग्राहकावरून शोध घेणाऱ्यास त्या क्रमाचा काडीचाही उपयोग नाही. म्हणूनच तावाच्या कोपऱ्यातील चिठ्ठीला महत्त्व. तिच्यावर नाव, स्थळ, तारीख, संग्राहक आणि क्रमांक असतो. पुढे एखाद्या तज्ज्ञास नाव चुकीचे वाटले तर तो जुनी चिठ्ठी खरवडीत नाही. शेजारी दुसरी चिकटवून तीवर स्वतःचे नाव व तारीख घालतो.

संगणकातील फोल्डर हे असेच कपाट होय. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ साली कारवी फुलली. तिचे छायाचित्र ‘वनस्पती’ या फोल्डरात ठेवावे, ‘बोरिवली’ या, की ‘२०१६’ या? तिन्ही उत्तरे योग्य आहेत आणि फोल्डर त्यांपैकी एकच मान्य करतो. ग्रंथपालांना ही अडचण नवी नाही; रंगनाथनांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात एका विषयाचे अनेक पैलू स्वतंत्रपणे नोंदविण्याची सोय केली, ती हीच अडचण ओळखून. टॅग लावले म्हणजे एकच फाइल तिन्ही वाटांनी सापडते.

हे टॅग माऊसने टिचक्या मारून लावावेत, की कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टंकून? दुसरा मार्ग तज्ज्ञांसाठीच आहे असा समज रूढ आहे. मला तो मान्य नाही. दोनशे छायाचित्रांना एक खूण लावण्यासाठी दोनशे टिचक्या माराव्यात आणि मागे काय केले याची नोंदही राहू नये, यात सोपेपणा कसला? टंकलेली आज्ञा एकाच ओळीत दोनशे फाइलींना लागू पडते. शिवाय ती साध्या मजकुराच्या फाइलीत जपून ठेवता येते, दुसऱ्यास वाचून दाखविता येते आणि पुढील वर्षी जशीच्या तशी वापरता येते. लिनक्स प्रणालीत ‘सेटफॅटर’ ही आज्ञा फाइलला खूण जोडते व ‘गेटफॅटर’ ती वाचून दाखविते. एवढे शिकण्यास शाळेतील मुलाला एक दुपार पुरेशी आहे.

मात्र येथे एक धोका आहे व त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. अशा रीतीने जोडलेली खूण फाइलच्या मजकुरात नसते. ती फाइलव्यवस्थेच्या वहीत असते. नकल करण्याची ‘सीपी’ ही नेहमीची आज्ञा स्वतंत्रपणे सांगितल्याखेरीज ती खूण बरोबर नेत नाही. पुष्कळशा पेन ड्राइव्हांवरील फॅट पद्धतीच्या रचनेत तिला जागाच नाही, आणि ई-टपालाने फाइल धाडली की ती मागेच राहते. शिक्षकाने वर्षभर खपून लावलेल्या खुणा संगणक बदलताच नाहीशा होतात, आणि उरतो तो निनावी चित्रांचा ढीग.

शिवपूरच्या उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिक यांनी अशाच प्रश्नाचे उत्तर काढले होते. १८२८ साली हजारो नमुने घेऊन ते लंडनला गेले व त्यांच्या जोडप्रती त्यांनी युरोपातील संग्रहालयांना वाटल्या. त्याचबरोबर शिलाछापाने काढलेली एक क्रमवार यादीही प्रसिद्ध होऊ लागली. तीत नऊ हजारांवर क्रमांक आहेत. क्रमांक तावावर आणि यादीतही! म्हणून लंडन, जिनीव्हा आणि हावडा येथील ताव आजही परस्परांशी ताडून पाहता येतात.

शाळांनी व ग्रंथालयांनी हाच मार्ग धरावा असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक फाइलच्या नावातच एक क्रमांक घालावा व तो कधीही बदलू नये. साध्या मजकुराच्या एका यादीत, एका ओळीस एक याप्रमाणे, तो क्रमांक व त्यापुढे खुणा लिहाव्यात. ‘ग्रेप’ ही आज्ञा त्यांतून हवी ती ओळ क्षणात काढून देते. छायाचित्र असेल तर ‘एक्झिफटूल’ने त्याच खुणा चित्राच्या फाइलीतही लिहाव्यात, नकल केली तरी त्या तीबरोबर जातात. खुणांचे शब्द आधी ठरवून घ्यावेत, कारण ‘बोरिवली’ आणि ‘बोरीवली’ हे संगणकाच्या लेखी दोन गाव आहेत.

नाव बदलल्यास जुनी खूण पुसू नये. ब्रेमेकांप यांनी १९४४ साली कारवीला स्ट्रोबिलँथिस प्रजातीतून काढून कार्विया या वेगळ्या प्रजातीत घातले; आज ती पुन्हा स्ट्रोबिलँथिसमध्येच गणली जाते. यादीत दोन्ही नावे असावीत, आणि प्रत्येकापुढे ते कोणी व कोणत्या तारखेस लिहिले तेही.