सोबत्याची अट कोणासाठी? व्हीलचेअर, रेल्वे आणि एकट्याने फिरण्याचा हक्क

अपंगांना रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे. ती कोणत्या शब्दांवर मिळते, हे फार थोड्यांना माहीत आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला स्लीपरच्या भाड्यात ७५ टक्के सूट हवी असेल, तर सरकारी डॉक्टरचा दाखला लागतो. त्या दाखल्यावर लिहिलेले असते की ही व्यक्ती सोबत्याच्या मदतीशिवाय प्रवास करू शकत नाही. सोबत्यालाही तेवढीच सूट मिळते. वरवर पाहता ही मोठी कृपा वाटते. आमचा आक्षेप त्या वाक्यालाच आहे.

का करू शकत नाही? उत्तर आमच्या पायांत शोधले जाते. ते फलाटावर पडलेले आहे. डब्याची जमीन रुळापासून सुमारे १.३ मीटर उंच असते. आपल्याकडचा सर्वसाधारण उंच फलाट ७६ ते ८४ सेंटीमीटरचा. मधला हातभर चढ पायऱ्यांचा. साध्या डब्याचे दार अरुंद, लहान स्थानकावर गाडीचा थांबा एक-दोन मिनिटांचा. अपंगांचा डबा असलाच तर बहुधा गाडीच्या टोकाला. त्याचे दार रुंद आहे, पण उंची तीच. वर तो आधीच धडधाकट प्रवाशांनी भरलेला! मग उरते काय? दोघांनी काखेत धरायचे आणि पोत्यासारखे आत टाकायचे.

हे अटळ आहे का? भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर नागपुरात २०१९ पासून मेट्रो धावते. तिथे फलाट आणि डबा एका पातळीत आहेत. तोच माणूस, तीच खुर्ची, आणि तो स्वतः चाके फिरवत आत जातो. मेट्रोत त्याचे पाय बरे झाले काय? नाही. फक्त बांधणाऱ्याने त्याला प्रवासी म्हणून मोजले होते.

२०१६ चा अपंग हक्क कायदा नेमके हेच सांगतो. शारीरिक उणीव आणि समोरचे अडथळे यांच्या गाठीतून अपंगत्व घडते, अशी त्याची व्याख्या आहे. कलम ४१ स्थानके आणि गाड्या सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. सार्वजनिक इमारतींना दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचा नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातले निकष केवळ शिफारशीवजा होते. सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत करा, असा आदेश दिला. म्हणजे कायदा अडथळ्याला दोष देतो आणि रेल्वेचा दाखला शरीराला. दोन्ही एकाच सरकारचे कागद आहेत!

आता ही सोबत्याची अट भंडारा जिल्ह्यात आणून पाहा. भंडारा रोड स्थानक शहरात नाही, ते दहा-बारा किलोमीटरवर वरठीला आहे. तुमसर रोड देव्हाडीला आहे. तिथवर जायला एसटीच्या उंच पायऱ्या किंवा पदरचे पैसे मोडून ऑटो. ऐन रोवणीच्या दिवसांत नागपूरच्या दवाखान्यात जायचे असेल, तर सोबत कोण येणार? धानाच्या बांधीत उभी असलेली आई? विड्या वळणारी बहीण? सोबत्याच्या तिकिटात सूट आहे, त्याच्या बुडालेल्या रोजीत नाही. ज्याच्या घरी शेती-नोकरी आहे तो माणूस पाठवतो. भूमिहीन बौद्ध मजुराचा मुलगा परीक्षा सोडतो. जात आणि वर्ग अपंगत्वाला असे येऊन मिळतात.

आणि बाईचे काय? मुंबईच्या विराली मोदी यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले की डब्यात उचलून ठेवणाऱ्या हमालांनी त्यांच्या शरीराशी लगट केली, आणि असे एकदाच घडले नाही. त्यांनी रॅम्पसाठी देशभर मोहीम उभी केली. ज्या व्यवस्थेत चढण्यासाठी परक्याच्या हाती अंग सोपवावे लागते, ती व्यवस्था असुरक्षितच असणार.

"असे प्रवासी असतात तरी किती?" हा नेहमीचा सवाल. रॅम्प नाही म्हणून ते दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणून रॅम्प नाही. हे चक्र आम्हाला चांगले ओळखीचे आहे. बाबासाहेब लहानपणी मसूर स्थानकावर उतरले तेव्हा खिशात पैसे होते, दुप्पट भाडे द्यायची तयारी होती, तरी महाराची पोरे म्हणून गाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. अस्पृश्यता आणि व्हीलचेअर एक नव्हेत. पण तिकीट हातात असून प्रवास नाकारला जाणे म्हणजे काय, हे आंबेडकरी माणसाला समजावून सांगावे लागू नये.

२०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द दिला. बाबासाहेबांनी 'हरिजन' शब्दाला विरोध का केला होता, ते इथे आठवावे. देवाचे नाव चिकटवले की माणसाचा हक्क मागे पडतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सवलतीच्या दाखल्यातले 'सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही' हे वाक्य काढा. सवलत अपंगत्वावर द्या, सोबती न्यायचा की नाही ते प्रवाशाला ठरवू द्या. वरठी आणि देव्हाडीला प्रत्येक गाडीसाठी हलवता येणारा रॅम्प आणि तो लावणारा प्रशिक्षित कर्मचारी ठेवा. असा प्रवासी चढेपर्यंत गाडी सोडू नका. नवे डबे आणि नवे फलाट एका पातळीत बांधा. आणि रेल्वेच्या सल्लागार समित्यांवर व्हीलचेअर वापरणारी माणसे घ्या.

चळवळीच्या प्रत्येक संघटनेने आपल्या मागणीपत्रात हे मुद्दे घालावेत. १४ ऑक्टोबरला वरठीहून दीक्षाभूमीला निघालेल्या गर्दीत व्हीलचेअरवरची मुलगी कोणाच्या खांद्याविना, स्वतःच्या तिकिटावर, एकटी चढली पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने देशभर मुक्त संचाराचा हक्क दिला, तेव्हा सोबत्याची अट घातलेली नव्हती.

जय भीम! जय संविधान!