नाकाची सवय
देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो. २०१६च्या जानेवारीतली तिथली आग उपग्रहातूनही दिसली. धूर ओसरला की आपली काळजीही ओसरते. पण कुजणाऱ्या ढिगातून मिथेन, हायड्रोजन सल्फाइड, थोडेफार बेंझिन रोजच निघते. प्लास्टिक धुमसले की डायॉक्सिनही. तिथे राबणाऱ्या कामगारांचा विषय निघाला की 'त्या लोकांना सवय असते हो,' हे आपले लाडके उत्तर. वाचकहो, सवय नाकाला होते! हायड्रोजन सल्फाइड फार वाढला की वासाची जाणीवच बधिर होते, म्हणजे वास येईनासा होणे हीच धोक्याची खूण. मास्क दिलेत म्हणाल, तर कापडी मास्क धूळ जेमतेम अडवतो, वायू मुळीच नाही. वायू शोषणाऱ्या गाळणीचे मास्क, वायुमापक आणि कंत्राटी कामगारांचीही दरवर्षी फुप्फुसांची तपासणी, हा खर्च निविदेतच धरला पाहिजे. कंत्राट महाग पडेल? पडू द्या की.