दंड तिजोरीला, नुकसान कामगाराला

कामगाराच्या बोटाचे ठसे, आजारपणाचे दाखले, बँकखात्याचा तपशील आज मालकाच्या संगणकात साठविलेला असतो. ही माहिती कामगाराची आहे. मालक तिचा केवळ विश्वस्त. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. त्यानंतर २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर करणाऱ्या मालकास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

वरवर पाहता कायदा कडक वाटतो. परंतु खरी मेख कलम ७ मध्ये आहे. नोकरीच्या प्रयोजनासाठी माहिती वापरावयाची असल्यास कामगाराची संमती घेण्याचे बंधन मालकावर नाही. दंड झाला तरी तो सरकारी तिजोरीत जमा होणार; ज्याची माहिती फुटली त्याचे हात रिकामेच. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३-अ त्याला भरपाई मागण्याचा मार्ग देत होते. तेही काढून टाकण्याची तरतूद या कायद्याने केली आहे. उलट, तक्रार खोटी वा क्षुल्लक ठरल्यास तक्रारदारालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो!

जर्मनीत कामगारांवर नजर ठेवणारी यंत्रणा बसविताना, जेथे त्यांची निर्वाचित समिती आहे तेथे तिची संमती लागते. भारतातील कामगार संघटनांनीही वेतन व बोनसच्या करारांत हे कलम आग्रहाने घालून घेतले पाहिजे. भरपाईचा हक्क पुन्हा मिळविण्याचा लढाही त्यांनाच उभारावा लागेल.